चार पटांचा संघ: क्रम आणि बरोबरी

इंदूरहून बुद्धिबळाच्या राष्ट्रीय सांघिक स्पर्धेला संघ पाठवताना सगळ्यात जास्त विचार पटांच्या क्रमावर करा. चार मुख्य आणि एक राखीव, असा क्रम एकदा दिला की स्पर्धा संपेपर्यंत बदलत नाही. दोन नंबरचा खेळाडू एखाद्या फेरीत खेळला नाही तर तीन आणि चार नंबरचे एकेक पट वर सरकतात, राखीव चौथ्या पटावर येतो. राखीवला थेट दुसऱ्या पटावर बसवलं, तर क्रम चुकल्यामुळे डाव हातचे जातात. फेरीच्या जोड्यांच्या यादीत पहिलं नाव असलेल्या संघाला पहिल्या-तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळतात, दुसऱ्या-चौथ्यावर काळी. म्हणून काळ्याने चिवट बचाव करणारा दुसऱ्यावर ठेवू, हा हिशेब टिकत नाही. पुढच्या फेरीत रंग उलटू शकतात.

दुसरी गोष्ट बरोबरीची. लढत २-१ अशी आपल्या बाजूने आहे, चौथ्या पटावर हत्ती-प्याद्यांवर आलेला डावाचा शेवट चाललाय, समोरच्याने बरोबरी देऊ केली. खेळाडूने कर्णधाराला विचारावं, "दादा, घेऊ का?" उत्तर एवढंच: "घे", "नको" किंवा "तू ठरव". इथे "घे"च, कारण अर्ध्या गुणाने २.५-१.५ होऊन सामना आपला. पण "प्यादं जातंय, घे" म्हटलं की तो डावावरचा सल्ला ठरतो आणि पंच कारवाई करू शकतात. हे संवाद घरी, रविवारच्या सरावात, घड्याळ लावून चार पटांवर घोटून घ्या. स्पर्धेत खेळायला जाताना फोन मात्र खोलीवरच ठेवा.