दुकानाचा ग्रुप नको, ब्रॉडकास्ट लिस्ट करा
बेदाणा, हळद विकायला व्हॉट्सॲप ग्रुप काढला की बरीच गिऱ्हाइकं लगेच बाहेर पडतात. शिवाय सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, ते बायकांना तर अजिबात आवडत नाही. त्यापेक्षा ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण बसतात, एकच मेसेज प्रत्येकाला स्वतंत्रपणे जातो.

मेख एकच: ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो पोचतो. म्हणून बिल देतानाच सांगा, "ताई, नंबर 'बेदाणा गणपती पेठ' असा सेव्ह करा." नावात माल आणि पेठ असली की सहा महिन्यांनीही सापडतं.

मिरज, विश्रामबाग अशा भागवार याद्या ठेवा. घरपोच फेरी जिकडे, मेसेज तिकडेच.

न विचारता कुणालाही यादीत घालू नका. लोकांनी रिपोर्ट केलं तर त्या नंबरचं व्हॉट्सॲप बंद होऊ शकतं.