बोलघेवड्यालाही फासा टाकायला लावा

रविवारी दुपारी बेळगावच्या शहापुरात आमच्या माडीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव बसतो. प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायची. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि बाकीची सगळी पात्रं बोलणारा, मी. खेळणाऱ्यांत एक वकील आहे. तो सुटला की समोरचा गप्प. त्याचं पात्र फायटर, म्हणजे लढवय्या. कॅरिझ्मा, म्हणजे बोलण्याची छाप, 8, म्हणून फाशात उणे 1. दुसरी बैलहोंगलहून बसने येते, घरी कानडी, मराठी जपून बोलते. तिची बार्ड, म्हणजे गाणारी-बोलणारी भाट. कॅरिझ्मा 16, पर्सुएशनला, म्हणजे मन वळवायला, फाशात अधिक 5.

सुरुवातीला मी घोळ घातला. वेशीवरच्या नाकेदारापुढे वकिलाने असं भाषण ठोकलं की मी वीस बाजूंचा फासा न मागताच फाटक उघडलं. पुढच्या खेपेला तिने अडखळत “आम्हाला जाऊ द्या की” म्हटलं, तर तिला मात्र फासा टाकायला लावला. पडले 7, अधिक 5, झाले 12. हवे होते 15. त्यानंतर दोन रविवार बोलायची वेळ आली की ती वकिलाकडे बघायची. कागदावर उणे 1 असलेला सगळी बोलणी करतोय आणि जिने गुण खर्चून जीभ घेतली ती मुकी! लढाईत मी कुणाला दंड दाखव म्हणत नाही, मग इथेच परीक्षा कशाला?

आता खेळाडूला दोनच गोष्टी विचारतो: काय मागतोस आणि कशाच्या जोरावर. “मी त्याला समजावते, जकात भरलीय,” एवढं बास. कानडीत सांगितलं तरी चालतं. भाषणाला टाळ्या जरूर द्या, गाठायचा आकडा मात्र मुद्द्यानेच हलवा. नाकेदाराचं पोर तापाने फणफणलंय हे कुणी आधी काढून ठेवलं आणि औषध पुढे केलं, तर 15 चे 10 करा, नाहीतर दोन फासे टाकून वरचा घेऊ द्या. दोन्ही एकदम नको.

मूळ आकडा कुणी तोंड उघडायच्या आत ठरवा. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत 10 सोपं, 15 मध्यम, 20 अवघड. मी चिठ्ठीवर लिहून कुंद्याच्या डब्याखाली सरकवतो, म्हणजे माझंही मन फिरत नाही. 15 ला तिला फाशावर 10 पुरतात, शंभरात 55 वेळा जमतं. वकिलाला 16 लागतात, 25 वेळा. हा फरक तिच्या हक्काचा आहे.

जे तसंही मिळणार त्याला फासा नको. जे मिळणारच नाही त्यालाही नको. राजा गादी देत नसतो. त्या नियमांत 20 पडले की हमखास यश हे हल्ल्याला, बोलणीच्या फाशाला नाही. पर्सुएशन फसलं तर नुसतं “नाही” म्हणून थांबू नका, नाकेदाराला खेचर ठेवून घेऊ द्या. इंटिमिडेशन, म्हणजे धमकावणं, जमलं तरी तो मागाहून चार माणसं घेऊन येईल. नवं काही आणल्याशिवाय तीच मागणी परत नाही. आणि खेळाडूने खेळाडूवर पर्सुएशन टाकायचं नाही, आमच्यात यावरून भांडण झालंय.

मागच्या रविवारी तिने नाकेदाराला परत गाठलं, या वेळी जकातीची पावती घेऊन. चिठ्ठीवर 15, पावतीमुळे 10. पडले 6, अधिक 5. फाटक उघडलं.

“काय गा, एवढं स्वस्त?” वकील माझ्यावर उखडला.

उत्तर तिनेच दिलं. “पावती होती काय तुमच्याकडं?”