आभाळ काळंकुट्ट करू नका: ॲस्ट्रोफोटो प्रोसेसिंग शिकताना या चुका टाळा

परवा इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. जानापावच्या डोंगरावर थंडीत कुडकुडत तिने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ चे, दीडशे फोटो काढले होते. सिरिल या ॲस्ट्रोफोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून एक केल्यावर, तेजोमेघ छान दिसत होता. तीच फाइल गिंप या फोटो एडिटरमध्ये उघडली तर नुसता काळा चौकोन. "काका, सगळं गेलं का हो?"

काहीच गेलं नव्हतं. सिरिलमधलं 'ऑटोस्ट्रेच' हे फक्त पडद्यावर दाखवण्यापुरतं असतं, फाइलमधले आकडे अंधारेच राहतात. आधी तो पर्याय बदलून 'लिनिअर' करा, मग हिस्टोग्राममधून (उजेडाच्या आलेखातून) खरं स्ट्रेचिंग करा, म्हणजे अंधारे आकडे ताणून उजळ करा, आणि १६ बिट टिफमध्ये सेव्ह करा. ऑटोस्ट्रेच चालू ठेवूनच स्ट्रेच केलं तर पडदा पांढराफटक होतो, आणि माणूस घाबरून सगळं बंद करतो.

यानंतरची चूक माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागते. रात्रीचं आभाळ काळं, म्हणून फोटोतही काळं हवं असं वाटतं आणि ब्लॅक पॉइंटचा, म्हणजे कुठपासून पूर्ण काळं धरायचं ते ठरवणारा, स्लायडर उजवीकडे ओढला जातो. हिस्टोग्रामच्या डोंगराचा डावा पायथा कापला गेला की तेजोमेघाचे पुसट पंख गेलेच समजा. तो प्रकाश सुमारे १,३०० वर्षं प्रवास करून आपल्या सेन्सरवर पडलेला असतो. पायथ्याच्या डावीकडे थोडी मोकळी जागा ठेवा. आभाळ गडद राखाडी दिसू द्या. स्ट्रेचही एका झटक्यात नको, थोडं थोडं करून तीन-चार वेळा करा, म्हणजे तेजोमेघाच्या मधला ट्रॅपेझियमचा, त्या तेजस्वी ताऱ्यांच्या पुंजक्याचा, भाग जळत नाही, म्हणजे नुसता पांढरा होत नाही. तो मुळातच जळून आला असेल तर प्रोसेसिंगने परत येत नाही. त्यासाठी कमी सेकंदांचे काही फोटो वेगळे काढायला हवेत.

"मग हा नारिंगी धूसरपणा कसा घालवायचा?" तिचा पुढचा प्रश्न. जानापावहून इंदूर ईशान्येला, त्यामुळे त्या बाजूचा शहराचा उजेड फोटोच्या एका कोपऱ्यातून चढत आला होता. तो ब्लॅक पॉइंटने नाही, बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शनने (आभाळाचा उजेड मोजून वजा करणाऱ्या टूलने) काढायचा, आणि स्ट्रेच करण्याआधी. त्याच्याही आधी स्टॅकच्या वेड्यावाकड्या कडा क्रॉप करा, नाहीतर हिशेब चुकतो. आभाळाचा उजेड जिथून मोजला जातो ते नमुन्याचे चौकोन तिने आपोआप टाकले होते आणि त्यातले सात-आठ थेट तेजोमेघावर बसले होते. सॉफ्टवेअरने तेजोमेघालाच शहराचा उजेड समजून खाऊन टाकलं. ते चौकोन एकेक करून पुसले, आणि बाणाच्या तीन ताऱ्यांखालची लालसर झाक परत आली.

जेपेगवर मेहनत करू नका. त्यात प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ, म्हणजे कच्च्या, फाइलमध्ये १६,३८४. स्ट्रेच करताना हा फरक पट्ट्यापट्ट्यांनी दिसतो.

धुळीची गोल वर्तुळं क्लोन टूलने पुसत बसण्यापेक्षा फ्लॅट, म्हणजे सारख्या उजेडाचे कोरे फोटो, घ्या: कॅमेरा न काढता, फोकस न हलवता, लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून. सोबत बायसही, म्हणजे झाकण लावून सगळ्यात कमी वेळेचे फोटो, घ्या. ते नसले तर फ्लॅटची दुरुस्ती नीट होत नाही. डार्क फ्रेम, म्हणजे झाकण लावून काढलेले काळे फोटो, मात्र त्याच रात्री, त्याच थंडीत, तेवढ्याच सेकंदांच्या आणि त्याच आयएसओच्या हव्यात. घरी येऊन उबदार खोलीत झाकण लावून काढलेल्या कामाच्या नाहीत.

फोटोत दाणेदार खरखर दिसली की ती पुसणाऱ्या डीनॉइज टूलकडे लगेच हात जातो, आणि तारे मेणाचे दिसू लागतात. खरखर निम्मी करायची तर फ्रेम चौपट लागतात. तिच्या दीडशे फोटोंचं एकूण एक्स्पोजर जेमतेम साडेबारा मिनिटं होतं. पुढच्या अमावास्येला सहाशे फ्रेम काढायचं आम्ही ठरवलंय, बॅटरी मात्र दोन न्याव्या लागतील.