१:७०० ची टॉर्पेडो बोट: हात घालण्याआधी काय काय तयार हवं

ही यादी तयार भागांची किट जोडणाऱ्यांसाठी नाहीये. प्लास्टिकची शीट, तार आणि इंजेक्शनच्या सुईतून अख्खी मॉडेल बोट उभी करणाऱ्यांसाठी आहे, आणि तीही १:७०० मध्ये, म्हणजे खऱ्या बोटीच्या सातशेव्या भागाएवढी. कटर, पट्टी, पॉलिश पेपर, चिमटा हे तुमच्याकडे असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायला बसलो कारण मागच्या बोटीला मी बुडाला धरायची दांडी न लावताच काम सुरू केलं आणि ती बोट रंगापर्यंत पोचलीच नाही. दांडीचं खाली परत परत येईल, कंटाळा आला तरी वाचा.

सगळ्यात आधी कुठली बोट ते ठरवा, आणि "पीटी बोट" (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन टॉर्पेडो बोट) हे उत्तर होत नाही. बोटीचा नंबर आणि तारीख, दोन्ही पाहिजेत. एल्को या अमेरिकन कंपनीच्या ८० फुटी बोटींवर सुरुवातीला चार टॉर्पेडो ट्यूब असायच्या. टॉर्पेडो ट्यूबमधून बाहेर ढकलायला काळी दारू वापरायचे, त्यात आतलं ग्रीस पेटायचं आणि रात्रीच्या अंधारात तो भडका लांबून दिसायचा, की घ्या, आम्ही इथे आहोत. मग १९४३ च्या मध्यापासून ट्यूब काढून हलके रॅक आले, त्यावर विमानातून टाकायचे मार्क १३ टॉर्पेडो ठेवायचे आणि सरळ कडेवरून पाण्यात सोडायचे. पुढे मागच्या डेकवर ४० मिमी बोफोर्स तोफही आली. म्हणजे नुसतं "१९४३ ची एल्को" म्हणून कामाला लागलात तर अर्धी बोट एका वर्षाची आणि अर्धी दुसऱ्या वर्षाची होते, आणि असल्या खिचडी बोटी बघून बघून डोळे दुखायला लागलेत माझे.

केनेडींची (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले ते) पीटी-१०९ सगळ्यांनाच करायची असते. करा, पण २ ऑगस्ट १९४३ ची करायची असेल, म्हणजे ब्लॅकेट सामुद्रधुनीत अमागिरी या जपानी विनाशिकेने तिला चिरलं त्या रात्रीची, तर तिच्यावर रडार नव्हतं, आणि पुढच्या डेकवरचा लाइफ राफ्ट काढून तिथे लष्कराची ३७ मिमी रणगाडाविरोधी तोफ लाकडी ओंडक्यांवर दोरांनी बांधलेली होती. छान राफ्ट करून चिकटवलात तर बोट १०९ च राहील पण ती रात्र राहणार नाही.

पहिल्यांदाच करत असाल तर मी एस-१०० वर्गाची एस-बोट, म्हणजे जर्मन टॉर्पेडो बोट सुचवेन. जवळपास ३५ मीटर म्हणजे ५० मिमी, हातात घ्यायला काहीतरी मिळतं, आणि ट्यूब पुढच्या उंच केलेल्या डेकखाली झाकलेल्या असल्यामुळे बाहेरून फक्त तोंडं दिसतात. ब्रिज मात्र गोलसर चिलखती आहे, तिथे घाम निघतो. आपल्याकडचं काही करायचं असेल तर रॉयल इंडियन नेव्हीच्या फेअरमाइल बी मोटर लाँच आहेत, ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावर लढलेल्या, ११२ फुटी म्हणजे ४८.८ मिमी, पण त्या गस्तीच्या बोटी, टॉर्पेडो हे काही त्यांचं मुख्य काम नव्हतं.

दुसरं, बोट धावतेय की उभी आहे हे कापायच्या आधी ठरवायचं. हे लोक समुद्र करताना ठरवतात आणि मग रडतात. एल्को किंवा ब्रिटिश व्हॉस्पर ही पाण्यावर उचलली जाणारी बोट आहे, पूर्ण वेगात (एल्कोचा ४० नॉटच्या आसपास) पुढचं टोक पाण्याबाहेर येतं आणि खालचं बूड दिसतं, म्हणजे वॉटरलाइनला (पाणी जिथे टेकतं त्या रेषेला) सपाट कापलेला हल, म्हणजे बोटीचं मुख्य धड, तिथे चालतच नाही, पुढे बुडाचा भाग करावा लागतो. एस-बोटीचं बूड गोल, ती उचलली न जाता पाणी कापत जवळपास सपाट पळते, तिला सपाट कापलं तरी भागतं. बंदरात उभी करणार असाल तर कुठलीही घ्या, प्रश्नच मिटला.

आता आकडे. कागदावर लिहून समोर चिकटवा, मोबाइलमध्ये नको, चिकट हाताने मोबाइल उघडायचा नसतो. एल्को: लांबी ३४.८ मिमी, रुंदी ९ मिमी. एस-१००: ५० बाय ७.५. २१ इंची टॉर्पेडो: जाडी ०.७६ मिमी. मार्क १३: जाडी ०.८, लांबी ५.८. उभा माणूस: २.५. आणि याच्याखाली मोठ्या अक्षरात एकच गोष्ट लिहा, की ०.१ मिमी म्हणजे खऱ्या बोटीवर ७ सेंटिमीटर. हे डोक्यात बसलं की अर्धी वाट लागायची टळते. ०.५ मिमीच्या तारेचं रेलिंग लावणारे महाभाग आहेत, ते खऱ्या बोटीवर ३५ सेंटिमीटर जाडीचं होतं, त्याला धरून खलाशी काय करणार, मिठी मारणार?

प्लॅन प्रिंट करताना १०० टक्के, फिट टू पेज बंद, आणि प्रिंट निघाल्यावर पट्टीने मोजा. झालं.

आता दांडी. हलसाठी जो काही तुकडा कापाल तो चौकोनी असतानाच, आकार द्यायच्या आधी, परत सांगतो, आकार द्यायच्या आधी, खालच्या बाजूने मधल्या रेषेवर दोन भोकं पाडायची. एक नाही, दोन. एका भोकावर बोट गोल फिरते आणि घासताना तुम्ही शिव्या देत बसता. दोन्हींत १५ मिमी अंतर, १ मिमीचं ड्रिल बिट, आणि खोली दीड मिमीच्या वर नाही, कारण वॉटरलाइनपासून डेकपर्यंत सगळी मिळून दोन-तीन मिमी उंची असते, जरा जोर लावलात की भोक वरून बाहेर. बिटला टोकापासून दीड मिमीवर टेपचा तुकडा गुंडाळा, टेप टेकली की थांबा. मग पेपरक्लिप यू आकारात वाकवा, तिचे दोन पाय भोकांत जातील आणि मधला भाग हाताच्या बोटाएवढ्या जाडीच्या लाकडी काठीच्या टोकाला घट्ट बसेल असं करा. पाय भोकांत कोरडेच घट्ट बसले तर उत्तम, नाहीतर अगदी ठिपकाभर गोंद, कारण शेवटी ते बाहेर काढायचेत.

एवढ्यासाठी एवढं का? कारण ही बोट तुमच्या अंगठ्याच्या नखापेक्षाही अरुंद आहे. चिमटीत धरलीत की दोन्ही कडा झाकल्या जातात, मग डावी उजवीसारखी आहे का हे बघणार कशाने? बोटांचं तेल लागतं, त्यावर प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) धरत नाही. घासताना बोटांचा दाब टोकांवर येतो आणि पुढचं टोक गोल होत जातं, तुम्हाला कळतही नाही. आणि एकदा का डोलकाठी, तोफा, ट्यूब लागल्या की धरायला जागाच उरत नाही, मग चिमट्याने कडेला धरता, चिमटा सटकतो आणि बोट उडते. कपाटाखाली. दांडी असेल तर काठी हातात, बोट हवेत, सगळीकडून बघता येतं, आणि सुकायला थर्माकोलमध्ये काठी खोचून उभी. डबल टेप नको, ब्लू टॅक नको. टेप एकतर ऐन वेळी सुटते नाहीतर इतकी धरते की काढताना बोटच मोडते. "आत्ता तात्पुरतं टेपवर करू, नंतर भोकं पाडू" हा विचार आला की उठून चहा प्या. नंतर भोकं पाडायची म्हणजे तयार बोट उलटी कशावर ठेवणार, डोलकाठीवर?

सामान. हलसाठी स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटचे थर एकावर एक, हे सगळ्यात बरं, आणि थराचा सांधा वॉटरलाइनला किंवा बुडाच्या कडेला येईल असा हिशोब केलात तर ती रेघ आयती मिळते. लाकूड करायचं असेल तर बाल्सा विसरा, त्याचे रेषे या मापात खऱ्या फळ्यांहून जाड दिसतात. शीट महाग पडते किंवा मिळत नाही, तर मुदत संपलेलं एटीएम कार्ड आहे की. त्याची जाडी ०.७६ मिमी, म्हणजे बरोब्बर २१ इंची टॉर्पेडो! कार्डाची तेवढ्याच रुंदीची पट्टी कापून कोपरे घासलेत की झाला टॉर्पेडो. फक्त ते पीव्हीसी असतं, स्टायरीनचं सिमेंट त्याला नीट धरत नाही, फेविक्विकच लागतं. आइस्क्रीमच्या डब्यांवर त्रिकोणात ५ असेल तर फेकून द्या, त्याला काहीच चिकटत नाही, ६ असेल तर ते स्टायरीन, जपून ठेवा.

ट्यूबसाठी इंजेक्शनची सुई, २० नंबरची, पिवळ्या टोपणाची, बाहेरून ०.९ मिमी, आणि मुख्य म्हणजे आतून पोकळ, त्यामुळे ट्यूबचं तोंड आयतं मिळतं. केमिस्टकडून कोरी आणा, घरात पडलेली वापरलेली नको, आणि घेतल्या घेतल्या टोक घासून बोथट करा. पक्कडीने कापायची नाही, चेपते. कानशीने गोल खाच पाडून मोडायची, तीही डोळ्यावर चष्मा घालून.

मशीनगनच्या नळ्यांना जुन्या चार्जरच्या वायरीतले तांब्याचे केस, त्यातले सगळ्यात बारीक निवडा. ऑर्लिकॉन या २० मिमी तोफेची नळी दोन मिमी लांब. एरियल आणि दोर यासाठी किटच्या फ्रेमचं प्लास्टिक मेणबत्तीवर तापवून ओढलेला धागा, हवा तेवढा बारीक होतो, आणि हे कामाच्या दिवशी करू नका, आधीच भरपूर ओढून वहीत चिकटवून ठेवा, कारण हात बसेपर्यंत निम्मे जळतात.

बसायची जागा. टेबलावर पांढरा कागद, खाली जमिनीवर पांढरी चादर, पडलेला तुकडा दिसला पाहिजे. पंखा बंद. हो, मे महिन्यातही बंद, दोन मिमीची तोफ पंख्याच्या वाऱ्याने गेली की गेली. दिवा दोन्ही बाजूंनी, नाहीतर एका बाजूची सावली तुम्हाला बाक आहे असं भासवते. भिंग डोक्याला लावायचं घ्या, हातात धरायचं नको, हात दोनच आहेत आणि एकात काठी आहे. (काठी आहे ना? भोकं पाडलीत ना?) छोट्या भागांना झाकणाच्या डब्या, आणि प्रत्येक भाग दोन जास्तीचे करायचे, चार ट्यूब हव्यात तर सहा कापा.

फेविक्विक ट्यूबमधून थेट बोटीवर कधीच नाही. जुन्या काचेवर थेंब टाका, टाचणीच्या टोकाने उचला, लावा. बंद खोलीत किंवा दमट हवेत आजूबाजूला पांढरी भुकटी बसते, तेव्हा खिडकी उघडी, पण वारा नको, आता हे दोन्ही एकत्र कसं जमवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

क्रम असा धरा: डेकपर्यंतचा हल, केबिन, मग प्रायमर एकदा मारून चुका बघा, घासा, परत प्रायमर. मगच ट्यूब, रॅक, तोफा. डोलकाठी सगळ्यात शेवटी. ट्यूब चिकटवताना फोटो समोर ठेवा, इंपीरियल वॉर म्युझियम आणि अमेरिकन नॅशनल आर्काइव्ह्जचे युद्धातले फोटो ऑनलाइन बघायला मिळतात. म्युझियममध्ये ठेवलेल्या बोटी, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या फॉल रिव्हरची पीटी-६१७, आकार समजायला भारी आहेत पण रंगासाठी आणि सामानासाठी त्यांच्यावर विसंबू नका, मधे किती हात फिरलेत.

रंग: मॅट, आणि डबीतल्या रंगात थोडा पांढरा मिसळून, एवढ्या छोट्या वस्तूवर मूळ रंग गडद दिसतो. १०९ गडद हिरवी. एस-बोट फिकट राखाडी-पांढरट. पावसाळ्यात स्प्रेचा मॅट कोट मारू नका, पांढुरका होतो, ब्रशने मारा किंवा थांबा. रंगाच्या वेळी दांडी असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, नसेल तर वर काय लिहिलंय ते परत वाचा.

समुद्र: जाड वॉटरकलर कागद, त्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू, लाटा बोटीच्या मापाच्या, एक मिमीची लाट म्हणजे ७० सेंटिमीटर. रंगवा, वर ॲक्रिलिक जेल. पेपरक्लिप हळूच ओढून काढा, त्याच दोन भोकांत पितळी तारेचे तुकडे घाला आणि ते समुद्रात खोचा, गोंद खालून. फेस पांढऱ्या रंगाने, मागे जास्त, पुढे कमी.

झेंडा सिगारेटच्या चांदीचा, रंगवून मग घडी. माणसं जमली तर करा. वर प्लास्टिकचा डबा लगेच, उद्या नाही, धूळ बसली की या मापात ती झटकता येत नाही.