कोरडं घरून, ओलं गडावर: ट्रेकचा ताजा डबा

ट्रेकला जायचं म्हटलं की पहाटे पराठे लाटायचे आणि तव्यावरून थेट फॉईलमध्ये गुंडाळायचे, ही सवय आधी सोडा. आत कोंडलेल्या वाफेचं पाणी होतं आणि दुपारी हातात गिळगिळीत पराठा येतो. माझा नियम साधा आहे. कोरडं घरून करून न्यायचं, ओलं जिथे बसू तिथेच कापायचं.

आपण नागपूरकर तसे सपाटीवरची माणसं. सेमिनरी हिल्सवर फेरी मारली तरी डोंगर चढल्यासारखं वाटतं आपल्याला! पण रामटेकला अंबाळ्याकडून पायऱ्यांनी गडमंदिरावर जा, मग बघा कशी सडकून भूक लागते ते.

पोळीऐवजी दशमी करा. दोन वाट्या कणीक, मीठ, दोन चमचे तेल, आणि पाण्याचा थेंबही न घालता कोमट दुधात मळायचं. दूध साधारण पाऊण वाटी लागतं, पण एकदम ओतू नका. कणीक रोजच्यापेक्षा घट्टच हवी. अर्धा तास झाकून ठेवा, जरा जाडसर लाटा आणि मंद आचेवर तेल सोडून दोन्हीकडून भाजा. भाजल्यावर एकीवर एक रचायच्या नाहीत. सुती फडक्यावर सुट्या पसरायच्या, तळहात ठेवून पाहायचं, आणि जराही ऊब लागली नाही तरच डब्यात भरायच्या. आमच्या सासूबाई प्रवासाला याच करून द्यायच्या. ज्वारीची भाकरी मला जास्त आवडते, पण दुपारपर्यंत ती कडक होते.

सोबत जवसाची चटणी. जवस मंद आचेवर तडतडू लागले की लगेच उतरवा, जास्त भाजले तर कडवट होतात. सुकी लाल मिरची (भिवापुरी मिळाली तर उत्तमच), लसूण, जिरं, मीठ घालून खलबत्त्यात भरड कुटा. मिक्सरमध्ये फार फिरवलं तर जवसाला तेल सुटून गोळा होतो. वरून घ्यायचं कच्चं तेल छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळं न्या.

तिसरी गोष्ट काळे चणे. रात्री भिजवा, पहाटे मीठ घालून कुकरला शिजवा, चाळणीत निथळू द्या. मग थोड्या तेलात हळद-तिखट घालून कढईत कोरडे होईस्तोवर परता. हेही गार करूनच भरा.

आता ओलं. कांदा, काकडी, टमाटर, लिंबू अख्खे घ्या, एक छोटी सुरी घ्या. काकडी घरून चिरून मीठ लावून नेली तर तिला पाणी सुटतं आणि सगळा डबा पाणचट होतो. वर पोचल्यावर कांदा बुक्कीनं फोडा, काकडी-टमाटर चण्यांत चिरा, लिंबू पिळा, चटणीवर तेल सोडा. पाच मिनिटांत ताजं जेवण तयार. नोव्हेंबरात आंबिया बहाराची संत्री बाजारात असतात. ती पिशवीत सगळ्यात वर ठेवा, खाली दबली की रस गळतो.

भात नेऊ नका. शिजलेला भात उन्हात तासन् तास राहिला तर पोट बिघडवू शकतो. वांग्याचं भरीतही घरीच खा. हट्टानं नेणारे आमच्याकडेही आहेत, त्यांच्या बॅगेला त्याचा वास दिवसभर येतो.

हे सगळं दिवाळीनंतर होळीपर्यंतचं. नंतरच्या उन्हात दुपारचा ट्रेक करूच नये. पहाटे निघून ऊन तापायच्या आत परता, आणि सोबत फक्त सातूचं पीठ नि गूळ न्या. पाण्यात कालवलं की झालं.

रामटेकला माकडं फार. त्यांना प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ बरोबर ओळखू येते, म्हणून स्टीलचे कडीचे डबेच बरे. त्यांना खायला घालू नका, आणि संत्र्याची सालं रिकाम्या डब्यात भरून घरी आणा.