आवळलेला जबडा आणि मोडलेली झोप

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी उठल्याबरोबर कानशिले ठणकतात, जबडा जड वाटतो, पहिला घास चावताना कानापुढे कळ येते आणि सात-आठ तास अंथरुणावर पडूनही झोप झाल्यासारखी वाटत नाही. अशी माणसे बहुधा आधी डोळे तपासून घेतात, मग कान दाखवतात आणि दाताच्या डॉक्टरकडे सर्वांत शेवटी येतात. पुष्कळदा निदान घरच्या माणसाने केलेलेच असते. "हे रातभर दात खातात जी, त्या आवाजानं माही झोप मोडते," असे एका शेतकऱ्याच्या पत्नीने सांगितले, तेव्हा तो गृहस्थ चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिला. झोपेत दात खाणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ता नसतो, म्हणून शेजारी झोपणाऱ्याचे म्हणणे अशा वेळी फार मोलाचे ठरते.

जबडा मिटण्याचे काम मुख्यतः दोन स्नायू करतात. एक गालाच्या वरच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत उतरतो आणि दुसरा कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला असतो. विश्रांतीच्या वेळी ओठ मिटलेले असले तरी वरच्या आणि खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर अंतर राहावे, अशी शरीराची रचना आहे. चावताना आणि गिळताना दातांना दात टेकतात ते सगळे क्षण एकत्र केले, तरी दिवसभरात ते वीस मिनिटांच्या आसपासच भरतात. परंतु कर्जाचा हप्ता, लांबलेला पाऊस किंवा डोक्यावरचे ओझे यांपैकी काहीही मनावर वा मानेवर असले, की माणूस नकळत दातांवर दात आवळून धरतो आणि मिनिटांचे काम तासन्‌तास चालू राहते. संध्याकाळपर्यंत हे स्नायू थकून दुखरे होतात.

रात्रीचे दात खाणे याहून वेगळे असते, आणि हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय उपाय नीट लागू पडत नाहीत. आपली झोप सलग एकसारखी नसते. मेंदू मधूनमधून काही सेकंदांपुरता जागेपणाच्या काठावर येतो आणि पुन्हा खाली जातो. अशा क्षणी आधी हृदयाचे ठोके वाढतात आणि लगोलग जबड्याचे स्नायू आवळू लागतात. हे प्रामुख्याने उथळ झोपेत घडते. म्हणून झोप उथळ करणारी प्रत्येक गोष्ट, मग ती दुखणे असो, उकाडा असो, दारू असो की श्वास अडकणे असो, दात खाण्याला वाव देते; आणि दुखरा जबडा पुन्हा झोप उथळ करतो. केवळ दात खाल्ले जातात, पण दुखत नाही, दात झिजत नाहीत आणि झोप ताजी होते, अशा निरोगी माणसाने मात्र घाबरण्याचे कारण नाही. तो आजार समजू नये, असेच या विषयातील तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकत्रितपणे मांडले आहे.

कोणताही व्यायाम सुरू करण्यापूर्वी आरशासमोर एक तपासणी करावी. स्वतःच्या हाताची मधली तीन बोटे उभी जोडून तोंडात, पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये, बसतात का ते पाहावे. बसली तर तोंड पुरेसे उघडते. न बसल्यास, आणि खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण) खाण्याची सवय असल्यास, हा केवळ ताण आहे असे गृहीत धरू नये. आपल्याकडे पन्नीत घोटलेल्या खर्ऱ्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील अस्तर हळूहळू ताठर होत जाते, तिखट लागताच तोंडाची आग होते आणि तोंड उघडणे कमी कमी होते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. अशा माणसाने मालिश आणि शेक यांत महिने घालवू नयेत. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे जाऊन आधी तोंड दाखवावे. हे मी आग्रहाने लिहितो, कारण उशिरा आलेले तोंड पूर्वीसारखे उघडत नाही.

आणखी काही प्रसंगी घरगुती उपाय थांबवावेत. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखिळी बसू लागली तर तो धनुर्वात असू शकतो. जबड्याच्या दुखण्यासोबत छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम किंवा दम लागत असेल तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. दोन्ही वेळी तत्काळ १०८ वर फोन करावा. झोपेत मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास थांबून दचकून उठणे असे घडत असेल, तर जबड्याआधी श्वासाची तपासणी व्हायला हवी.

आता दिवसाचे काम, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक यानेच पडतो. हळूच "न" असे म्हणावे आणि जीभ टाळूला पुढच्या दातांच्या मागे जिथे टेकते तिथेच राहू द्यावी. ओठ सैल मिटावेत, दात सुटे ठेवावेत आणि श्वास नाकाने घ्यावा. जबड्याची विश्रांतीची जागा हीच. अडचण अशी, की पाच मिनिटांत विसर पडतो. म्हणून ही आठवण रोजच्या एखाद्या कृतीला बांधून द्यावी. ओटीतला कापूस गाठोड्यात रिता करताना, मोटारपंपाचे बटण दाबताना, चुलीवर भाकर उलटताना, फोन उचलताना, प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा: दात टेकलेले आहेत का? असल्यास श्वास सोडत ते सुटे करावेत. जबडा जोराने ताणून सैल होत नाही. तो फक्त सोडून द्यायचा असतो. डोक्यावर ओझे घेताना किंवा डवरणी करताना दात आवळले जातातच, तेव्हा निदान ओझे उतरवल्यावर ते सुटतात की नाही, हे पाहावे.

झोपण्यापूर्वी अर्धा तास जबड्यासाठी राखून ठेवावा. प्रथम शेक द्यावा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा चालतो, किंवा तव्यावर गरम केलेल्या मिठाची जाड कापडातील पुरचुंडी चालते. मात्र ती आधी मनगटावर लावून पाहावी, कारण गालाची कातडी लवकर भाजते. दोन्ही बाजूंना मिळून दहा ते पंधरा मिनिटे शेक पुरेसा होतो. त्यानंतर दात एकदा हलकेच दाबावेत, म्हणजे जबड्याच्या कोपऱ्याजवळ स्नायूचा उंचवटा बोटांना लागतो. दात सोडून त्या जागी दोन बोटे ठेवावीत आणि गालाच्या हाडापासून खाली कोपऱ्यापर्यंत सावकाश उतरावे. दुखरा बिंदू सापडला तर तिथे चार-पाच श्वास थांबावे. दाब इतकाच असावा, की चेहरा वेडावाकडा होऊ नये. मग कानशिलावर गोल गोल फिरवावे. तेल जवसाचे घ्यावे की तिळाचे, असे मला नेहमी विचारले जाते. कोणतेही चालते, काम बोटांचे असते.

शेवटी जीभ टाळूला चिकटलेलीच ठेवून, जीभ सुटणार नाही इतकेच तोंड हळू उघडावे आणि मिटावे, असे सहा वेळा करावे. जीभ टाळूला असली की खालचा जबडा एका बाजूला वळत नाही. कट्‌कन आवाज काढण्यासाठी जबडा मुद्दाम वळवणे, किंवा जांभई देताना तोंड पूर्ण फाकवणे, टाळावे. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरावी.

दुखणे जोरात असेल तर दोन आठवडे स्नायूंना खरोखरीची सुट्टी द्यावी. फुटाणे, भाजलेले कणीस, कडक रोडगे आणि ऊस बाजूला ठेवून वरण-भात, मऊ खिचडी, आंबील, वरणात कुस्करलेली भाकर खावी. खर्ऱ्याचे इथे दुहेरी नुकसान आहे: चघळण्याने स्नायू दिवसभर राबतात आणि तंबाखूतील निकोटिन झोप उथळ करते. एकट्याने सोडवत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. चहाचा अंमल बराच वेळ टिकतो, म्हणून शेवटचा कप दुपारी चारच्या आत घ्यावा. दारूने डोळा लवकर लागतो, हे खरे असले तरी उत्तररात्री झोप तुटू लागते आणि दात खाणे वाढते.

झोपेच्या जागेविषयी सांगायचे तर पोटावर पालथे पडून गालाखाली हात घेण्याची सवय मोडावी, कारण त्यामुळे जबडा रात्रभर एका बाजूला दाबला जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा गच्चीवर किंवा अंगणात झोपणे जबड्याच्याही हिताचे आहे. रानडुकरे आणि रोही यांच्यापायी ज्यांना मचाणावर जागावे लागते, किंवा रात्रीच्या विजेवर ओलीत करावे लागते, त्यांना हे सगळे सांगताना मला संकोच वाटतो. त्यांची झोप त्यांच्या हातात नसते. तरीही घरातील दोघांनी आळीपाळीने जागल करून प्रत्येकाला निदान चार तास सलग झोप मिळेल असे पाहावे, कारण तुकड्यातुकड्यांची झोप जबड्याला सर्वांत जड जाते. चिंतेने डोळाच लागत नसेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि त्यात कमीपणा काहीही नाही.

लहान मूल झोपेत दात खात असेल तर पोटात जंत झाले, असे आपल्याकडे लगेच म्हणतात. जंताचे औषध शाळेत आणि अंगणवाडीत मिळते तसे वेळेवर द्यावे, परंतु दात खाण्याचे तेवढेच कारण मानू नये. बहुतेक मुलांची ही सवय वयानुसार आपोआप कमी होते.

महिनाभर हे सर्व करूनही सकाळचे ठणकणे राहिले, किंवा दाढा सपाट होऊ लागल्या, तर दंतवैद्य मापे घेऊन दातांवर बसणारी पट्टी तयार करून देतात. ती दातांना झिजण्यापासून वाचवते. दात खाणे थांबवण्याची हमी तिच्यात नसते. बाजारातील तयार पट्टी नीट न बसल्यास दुखणे वाढू शकते, म्हणून ती टाळावी. दवाखान्यात येण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज सकाळी दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यावा आणि आदल्या दिवशीचा खर्रा, चहा, जागरण त्याखाली टिपावे. येताना ते पान आणि शेजारी झोपणारे माणूस, दोन्ही सोबत आणावे.