ऑनलाइन बक्षीस स्पर्धेची जाहिरात करताय? आधी या चुका टाळा

पेज चालवणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं की जाहिरात म्हणजे पैसे भरून बूस्ट केलेली पोस्ट, आपण तर साधी पोस्ट टाकलीय मग नियम कसले. इथूनच गडबड सुरू होते. बक्षीस दाखवून लोकांना फॉलो करा, कमेंट करा, खरेदी करा असं सांगितलं की ती जाहिरातच झाली, बूस्ट केलेली असो नाहीतर नसो.

सगळ्यात महागात पडणारी चूक आधी सांगते. बक्षीस आहे, विनर चिठ्ठी काढून ठरणार आहे आणि भाग घ्यायला पैसे लागतायत, या तीन गोष्टी एकत्र आल्या की बऱ्याच देशांत ती लॉटरी धरली जाते, आणि लॉटरी कोणीही उठून चालवू शकत नाही. तिन्हीतली एक तरी काढावीच लागते. अमेरिकेतल्या जाहिरातींत 'खरेदीची गरज नाही' हे वाक्य दिसतं ते याचसाठी. मग काहीजण काय करतात, सूर्य कुठे उगवतो टाइप एक प्रश्न टाकतात आणि म्हणतात आमची तर कौशल्याची स्पर्धा आहे. असं नाही चालत. ब्रिटनच्या २००५ च्या जुगार कायद्यात हे स्पष्टच आहे, प्रश्न असा हवा की त्याच्यामुळे बरेच लोक भागच घेणार नाहीत किंवा घेतलाच तरी त्यातले बरेच गळतील, नाहीतर तो नशिबाचाच खेळ. आणि फुकट एंट्रीची सोय ठेवली असेल तर ती जाहिरातीतच सांगा, लिंकच्या आत चौथ्या पानावर लपवलेली सोय लोकांच्या काय कामाची?

'नियम व अटी लागू' एवढं लिहून मोकळं होणं ही दुसरी चूक. माणूस एंट्री देतो ती पोस्ट वाचून, म्हणून त्याचा निर्णय बदलू शकेल अशी प्रत्येक अट पोस्टमध्येच पाहिजे: शेवटची तारीख, वयाची किंवा राहण्याच्या ठिकाणाची अट, बक्षिसं किती आणि नेमकी कोणती, पाठवणीचा खर्च कोणाकडे, स्पर्धा कोण घेतंय. जागा कमीच असेल तर जमेल तेवढं तिथे लिहा आणि बाकीचं एका क्लिकवर सापडेल असं ठेवा.

तारखेचा घोळ मी स्वतः जवळून पाहिलाय. एका व्यवसायासाठी काम करत होते, एंट्र्या कमी आल्या म्हणून त्यांनी शेवटच्या दिवशी आठवडा वाढवला आणि ज्यांनी वेळेत एंट्री दिली होती ते कमेंटमध्ये भांडायला लागले, आणि बरोबरच होतं त्यांचं, कारण प्रत्येक नव्या एंट्रीने त्यांचा चान्स कमी होत होता. ब्रिटनच्या जाहिरात संहितेत तारीख बदलायला हाताबाहेरचं कारण लागतं. प्रतिसाद कमी आला हे असं कारण नाही.

आता टॅग आणि शेअर. 'तीन मित्रांना टॅग करा', 'तुमच्या टाइमलाइनवर शेअर करा' ही एंट्रीची अट फेसबुकच्या नियमांत चक्क बसत नाही, तरी रोज दिसते. लाइक किंवा कमेंटवर एंट्री घ्या ना. शिवाय या स्पर्धेशी फेसबुकचा किंवा इन्स्टाग्रामचा काही संबंध नाही हे लिहावं लागतं, ते एक वाक्य लोक हमखास विसरतात.

एंट्रीसाठी लोकांकडून तुमच्या प्रॉडक्टची पोस्ट करून घेत असाल तर अजून एक गोष्ट बघा. ती पोस्ट वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की ही बक्षिसासाठी लिहिलीय. अमेरिकेच्या एफटीसीने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये एका शूज ब्रँडला यावरूनच पत्र पाठवलं होतं, पिनटरेस्ट या फोटो शेअरिंग साइटवर लोकांनी टाकलेल्या पोस्टमध्ये ब्रँडचा हॅशटॅग होता पण स्पर्धेचा उल्लेखच नव्हता. त्यामुळे हॅशटॅगमध्ये 'स्पर्धा' हा शब्द सरळ लिहा, कोणाला कळणार नाही असं शॉर्टफॉर्म नको.

निकालात ढिलाई करू नका. ब्रिटनमध्ये बक्षीस साधारण ३० दिवसांत द्यायची अपेक्षा आहे, आणि भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून लपवणं हीच अनुचित व्यापार पद्धत धरलीय. ड्रॉ काढताना स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. फोटो किंवा स्लोगनची स्पर्धा असेल तर बाहेरचा एक तरी परीक्षक घ्या, कारण 'आवडला म्हणून निवडला' यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पोस्ट लाइव्ह गेली आणि मग चूक लक्षात आली तर? गुपचूप डिलीट अजिबात करू नका. पोस्ट एडिट करा, काय बदललं ते कमेंटमध्ये लिहून पिन करा, आणि ज्यांनी जुन्या अटींवर एंट्री दिलीय त्यांची एंट्री धरा, त्यांचं नुकसान होता कामा नये. विनरला जाहीर केलेलं बक्षीस देता येत नसेल तर तेवढ्याच किमतीचं दुसरं द्या, कमी किमतीचं नाही.

आणि स्पर्धा सुरू झाली की तुमच्या नावाने फेक अकाउंट निघतात, ते कमेंट करणाऱ्यांना 'तुम्ही जिंकलात' म्हणून मेसेज करून कार्डाचे डिटेल्स किंवा कुरिअरचे पैसे मागतात, आणि फसलेला माणूस तुम्हालाच विचारायला येतो. म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहा की आम्ही फक्त याच अकाउंटवरून कळवू आणि एक रुपयाही मागणार नाही, आणि तसं फेक अकाउंट दिसलं की त्याच दिवशी रिपोर्ट करून स्टोरीवर टाका.